ठिपका आणि तारीख

सुरत, ६ एप्रिल २०२५

वहिनी,

नमस्कार लिहितेय. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा उमटतात, उत्तर मात्र येत नाही. शेवटी पोस्टाचं पाकीट आणलं. टपाल फाडून फेकायला निदान हात तरी लावावा लागतो.

नानांना जाऊन तीन महिने होतील. तेराव्याहून मी सुरतेला परत आले त्या दिवसापासून तू बोलणं टाकलंयस. मी आठवून आठवून थकले. नानांचं मनगटी घड्याळ मी नेलं, ते चंदनदादाला विचारून. वाटणीचं तर नावही काढलं नाही, काढणारही नाही. मग राग कसला?

तेराव्याला सगळं नीटच चाललं होतं. सगळे सुतकी चेहरे करून बसले होते, उलट मीच जरा हलकं केलं. पंगत उठत होती आणि मी नेहमीसारखी हाक मारली, "ए बगॅस, पाण्याचा जग इकडे आण." धानोऱ्याच्या पाहुण्यांनी विचारलं, हे कसलं नाव? मी सांगितलं, आमच्या वहिनीचं लाडाचं नाव आहे, बगॅस म्हणजे रस काढल्यावर उरतो तो उसाचा चोथा. मांडवातली माणसं हसली. नानांनाही आवडलं असतं. तुझे वडील तेवढे लगेच उठले, त्यांना पुरुषोत्तमनगरला जायचं होतं, एसटीची वेळ झाली म्हणे. काजल पत्रावळी उचलत होती. एवढंच तर झालं. ह्यात मी कुणाचं काय वाईट केलं?

ते असो. ३० तारखेला अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. नानांच्या नावाची पहिली घागर भरायची. लग्न झाल्यापासून एकही आखाजी माझी सासरी गेलेली नाही, दरवर्षी चंदनदादा मुराळी म्हणून न्यायला आलाय, नाहीतर तू काजलला पाठवलंयस. ह्यावर्षी अजून कुणाचा शब्द नाही. आई आधीच गेली, आता नानाही नाहीत. माझं माहेर आता तुझ्याच हातात आहे, हे मी लिहून देते. तू बोलावलंस तर आहे, नाहीतर नाही.

अजून एक मागणं. नानांची ती निळ्या पुठ्ठ्याची जाड डिक्शनरी तुमच्या काही उपयोगाची नाही. आठवण म्हणून मला दे. कुणी सुरतेकडे येणारं असेल तर त्याच्याबरोबर पाठव. घाई नाही, पण ह्या महिन्यात आली तर बरं.

यामिनी


सुरत, १३ एप्रिल

वहिनी,

काल काजलचा फोन होता. बारावीचे पेपर, जूनमध्ये कॉलेज कुठलं, सगळं बोलून झालं. मग सहज म्हणाली, "आत्या, आई सकायपासून नानानं ते जाडं पुस्तक लिसन बशेल शे." मी विचारलं, कुठलं पुस्तक? म्हणाली, निळं, शब्दांचं.

माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. तुमच्या जावयाने, नवनीतने विचारलं, कोण गेलं का? मी म्हटलं, कुणी नाही.

तू ते का उघडून बसली आहेस ते मला कळतंय, म्हणून आधीच लिहिते. तो रविवार तुझ्या लक्षात असणारच. १८ जून २००६. तुला ह्या घरात येऊन महिना झाला होता. दुपारच्या चहानंतर नानांनी स्क्रॅबलचा बोर्ड मांडला. आमच्या घरी तो खेळ म्हणजे पूजाच होती. सात अक्षरांच्या सोंगट्या घ्यायच्या, त्यांतून इंग्रजी शब्द जुळवायचा, नाना वहीत गुण मांडायचे. बारावी झालेल्या नव्या सुनेला त्यांनी कौतुकाने बसवलं. पहिली खेळी तुझी आली.

तू सातही सोंगट्या एका ओळीत लावून मोकळी झालीस. बी, ए, जी, ए, एस, एस, ई.

नानांनी चष्मा वर केला. "हे काय?"

"बगॅस," तू म्हणालीस. "नाना, हाऊ शब्द शे. आमना यार्डमा बोर्डवर लिखेल शे."

तुझे वडील साखर कारखान्यात चोथ्याच्या यार्डात कामाला. तू लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचीस. तिथल्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, बगॅस यार्ड, धूम्रपान मना. ते सगळं तू सांगितलंस. चंदनदादा गालात हसला. मी म्हटलं, हा तर ट्रॅक्टरवाल्यांचा शब्द, इंग्रजी कसा असेल? बेचाळीस वर्षांची इंग्रजीची शिक्षिका आज हे लिहितेय. तेव्हा मला खरंच वाटलं की कारखान्यातल्या मजुरांनी तो आपापसांत बनवला असेल. नानांनाही वाटलं. आमच्या घरातल्या कुणी आयुष्यात बॉयलर पाहिला नव्हता.

नाना म्हणाले, डिक्शनरीत असेल तर शब्द, नसेल तर नाही. यामिनी, बघून ये.

मी आत गेले, पाहिलं आणि येऊन सांगितलं, नाही.

वहिनी, आतल्या खोलीत तेव्हा लाइट गेलेली होती. अक्षर मुंगीएवढं. मला त्यानंतर दोन महिन्यांनी चष्मा लागला, तुला आठवत असेल. मला तो शब्द दिसला नसेल. माणसाची नजर चुकू शकते. एकोणीस वर्षांपूर्वीच्या खेळावरून आपण आखाजी मोडायची का?

डिक्शनरी पाठव. तू वाचत बसू नकोस. त्यात काही नाही.

यामिनी


सुरत, १७ एप्रिल

वहिनी,

मागचं पत्र टाकलं आणि घरी येऊन आडवी झाले. नवनीतला वाटलं ऊन लागलं. त्या पत्रातली लाइटची गोष्ट खोटी आहे. लाइट होती. चष्म्याचीही खोटी आहे. मला लांबचं दिसत नव्हतं, जवळचं लख्ख दिसायचं.

शब्द होता.

पान उघडलं तेव्हा डाव्या बाजूला, वरून तिसरा. मला ती नोंद अजून पाठ आहे. उसाचा रस काढल्यावर उरणारा कोरडा चोथा, इंधन म्हणून वापरतात. फ्रेंचमधून आलेला. त्याआधी स्पॅनिशमधला 'बगासो', आणि त्याच्याही मागे फळासाठी असलेला एक लॅटिन शब्द, कारण पूर्वी फळं दाबून उरलेल्या चोथ्याला तसं म्हणत. तीन देश फिरून तो शब्द पुरुषोत्तमनगरच्या पाटीवर आला होता आणि तिथून तू तो आमच्या बोर्डावर आणलास. मी तिथे उभी राहून सगळं वाचलं. बाहेर नाना गुण मांडत होते, मला ऐकू येत होतं. बी दुप्पट घरात पडला, त्याचे सहा. सगळे मिळून तेरा. पहिला शब्द म्हणून दुप्पट, सव्वीस. सातही सोंगट्या एकदम लावल्या म्हणून वर पन्नास. "शहात्तर," नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा चढला की मला अजून ऐकू येतो. माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी खेळी चोपन्नची होती. तेव्हा नाना "छान" म्हणाले होते, बस्स.

त्याच आठवड्यात माझा एमएच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला होता. एका पेपरात नापास. नानांनी कुणाला सांगू दिलं नव्हतं. तुला तर नाहीच. इंग्रजी हे माझं एकटीचं होतं ह्या घरात, आणि महिन्यापूर्वी आलेली, यार्डातल्या मजुराची मुलगी, एका डावात मला बावीस गुणांनी मागे टाकत होती. मला ते सहन झालं नाही. दुसरं काही कारण नाही. शोधलं, सापडलं नाही.

आणि आता ते, ज्याच्यासाठी मी डिक्शनरी मागत होते. नानांचा नियम तुला माहीत आहे. जो कोणी डिक्शनरीत शब्द पाहील, त्याने शब्दाच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि समासात तारीख घालायची. लहानपणापासून हाताला सवय. मी 'बगॅस'च्या बाजूला ठिपका दिला, तारीख घातली, पेन्सिल दोरीला होती ती परत सोडली, आणि सात पावलं चालून पुढच्या खोलीत येऊन म्हटलं, नाही. माझ्या हाताने खरं लिहिलं आणि तोंडाने खोटं सांगितलं. तो ठिपका तिथेच राहिला. दरवर्षी आखाजीला आले की मी ते कपाट बघायचे. उघडायला धजले नाही. तुझ्यासमोर कसं उघडणार? एकटी असले तरी कपाटाला हात लावायच्या आत नाना कुठूनतरी खोकायचे.

नानांनी वहीत शहात्तर खोडून शून्य घातलं. तू सोंगट्या उचलून घेतल्यास आणि तुझी पाळी गेली. मग तू घाबरलीस आणि तीन-तीन अक्षरांचे शब्द लावत सगळ्यांत मागे राहिलीस.

हे कदाचित तू विसरली असशील, पण मी नाही. डाव मांडताना नाना म्हणाले होते, सून जिंकली तर ह्याच महिन्यात कॉलेजात नाव घालू. सगळे हसले होते, तू हसली नव्हतीस. तुझं तोंड मी पाहिलं होतं. डाव संपल्यावर तो विषय कुणी काढला नाही. तू स्वयंपाकघरात गेलीस आणि तिथेच राहिलीस. तुझं कॉलेज मी घालवलं, वहिनी. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलंय, ह्या वेळी ठेवते.

नावही माझंच. संध्याकाळी तू पोहे ढवळत होतीस आणि मी दारातून म्हटलं, "काय बगॅस, झाले का पोहे?" आधी दादा हसला. मग ते चिकटलं. मला वाटतं, शब्द खोटा ठरवायचा तर त्याची थट्टा करत राहणं भाग होतं.

आता सगळं सांगितलं. मला माफ कर म्हणायची लायकी नाही, तरी म्हणते. नानांच्या पहिल्या घागरीला मला येऊ दे.

यामिनी


नंदुरबार, २३ एप्रिल २०२५

यामिनीताई,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. मी शाळेतलं मराठी लिहिते, चुकलं तर सोडून द्या. उत्तराला उशीर झाला कारण आधी राग आला, मग हसू आलं, मग परत राग आला.

तुम्हाला वाटतं मला आत्ता कळलं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. १९ जूनला नाना बाजारात गेले आणि मी आतली खोली झाडायला घेतली. पुस्तक काढलं. मला एबीसीडीचा क्रम लावत शब्द शोधायला पाव तास लागला. शब्द होता. आमच्या पाटीवर होता तसाच, एकही अक्षर इकडेतिकडे नाही.

त्याच्या बाजूला ठिपके दोन होते, ताई.

एक तुमचा. दुसरा नानांचा. महिना रोमन आकड्यांत फक्त तेच लिहायचे. तारीख तुमचीच, १८. म्हणजे खेळ आवरल्यावर त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं होतं. घरातली दोन शिकलेली माणसं खरं जाणून होती, आणि सकाळी दोघांनी माझ्याकडे चहा मागितला होता.

मी तिसरा ठिपका दिला. नियम सगळ्यांना होता ना.

बोलले का नाही, ते विचाराल. महिन्याची सून होते. सासरे खोटे, नणंद खोटी असं म्हटलं असतं तर माझ्या बाजूने कोण उभं राहिलं असतं? तुमचे भाऊ मनाने चांगले आहेत, पण नानांसमोर त्यांची मान खाली असायची, तुम्ही पाहिलं आहे. तुमचं लग्न ठरत होतं. म्हटलं, जाऊ दे. पहिलं वर्ष फार जड गेलं. कॉलेजच्या पोरी सायकलवरून जाताना दिसल्या की मी गॅलरीतून आत यायची. मग काजल झाली आणि राग हळूहळू निवला. नानांची शेवटची चार वर्षं मी सगळं केलं, ते काही मनात राग धरून होत नाही. एकदा त्यांनी माझा हात धरला आणि "बोर्ड" एवढंच म्हणाले. पुढे त्यांना बोलता येईना. मी त्यांना पाणी पाजलं. मला समजलं होतं.

मधे पुस्तक घेऊन बसले होते ते काजलच्या कॉलेजच्या फॉर्मसाठी. त्यात इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या होत्या. तुमच्या ठिपक्यासाठी नाही.

तुमचं ते खोटं मी केव्हाच सोडून दिलं होतं. फोन मी त्याच्यासाठी बंद ठेवला नाही. कशासाठी ठेवला ते तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं आहे, आणि लिहून पुढे विचारलं आहे की मी काय वाईट केलं.

तेराव्याला माझा बाप मांडवात बसला होता. त्याला ते नाव माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ते त्याच्या कानावर येऊ दिलं नाही. तो येणार असला की तुमच्या भावाला आधी बजावून ठेवायची. तुम्ही त्याच्यासमोर हाक मारलीत आणि पाहुण्यांना अर्थ सांगितलात. ज्याने तीस वर्षं तो माल पाठीवरून वाहून बॉयलरला लावला, त्याच्या डोक्यावरून तुम्ही बगॅस म्हणजे काय ते लोकांना समजावलंत, आणि लोक हसले. मी त्याचा डबा घेऊन जायची तेव्हा तो पाटीकडे बोट दाखवायचा, "रुपा, हाई शे म्हनीसन बॉयलर पेटस, बॉयलर शे म्हनीसन कारखाना चालस." एबीसीडी मी शाळेत नाही, त्या पाटीवर शिकले. त्याला वाटत होतं ते त्याने मला दिलं. आता त्याला वाटतं, त्याने दिलेल्या शब्दावरून सासरी माझी थट्टा झाली. त्याची एसटी सहाची होती, ताई. तो चारलाच निघाला. दोन तास स्टँडवर बसला. मला हे गावच्या कंडक्टरने सांगितलं, त्याने नाही.

आणि पत्रावळी उचलणाऱ्या काजलने घरात येऊन विचारलं, "आई, आत्या तुले कसाले अशी हाक मारस?" मी म्हटलं, लाडाने. माझ्या पोरीशी मी खोटं बोलले. ती तुम्हाला फार मानते. कॉलेजला इंग्रजी घेणार, आत्यासारखी मॅडम होणार म्हणते. मी तिला काय सांगणार होते?

आता आखाजीचं. दरवर्षी तुम्ही माहेरी आलात, म्हणून मी एकदाही माझ्या माहेरी गेले नाही. घरात माहेरवाशीण आलेली आणि सून निघून गेली, असं कसं चालेल? ह्यावर्षी मी आणि काजल पुरुषोत्तमनगरला जाणार. मुराळी पाठवला नाही तो एवढ्यासाठी. तुमचे भाऊ सकाळी लवकर नानांची घागर भरून ठेवतील आणि आम्हाला सोडायला येतील. नैवेद्य तुम्ही दाखवा, लेक आहात. किल्ली शेजारी धनुबाईंकडे ठेवते. सांजोऱ्या पितळी डब्यात आहेत. पुस्तक नानांच्या टेबलावर काढून ठेवलं आहे, न्यायचं तर न्या.

पत्रातून माफी मागितलीत ती पोचली. मांडवात झालं ते पत्राने मिटत नाही.

रुपा


नंदुरबार, नानांचं टेबल
३० एप्रिल २०२५, सकाळी साडेअकरा

वहिनी,

आले. स्टेशनवरून रिक्षा केली. मिरची बाजाराच्या बाजूने आणू नको म्हटलं तरी त्याने तिथूनच आणली आणि मिरचीने मी घरापर्यंत शिंकत आले. धनुबाईंनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, "एकलीच उनी का ताई? घरमा तं कोन्हीच नही." मी म्हटलं, माहीत आहे.

माहेरचं कुलूप मी आज पहिल्यांदा उघडलं. एरवी दार उघडंच असायचं, तू पिठाच्या हाताने बाहेर यायचीस आणि माझी पिशवी घ्यायचीस. मी कधी दिली नाही असं झालं नाही. आज पिशवी घेऊन मी उंबऱ्यात किती वेळ उभी होते कोण जाणे.

घागर भरलेली होती, वर खरबूज ठेवलेलं. नैवेद्य दाखवला. नानांशी बोलायचं ठरवून आले होते, पण हात जोडून तशीच उठले. मला त्यांचा राग आलाय, वहिनी. तू लिहिलंस तेव्हापासून दोन दिवस मला बरं वाटत होतं, की चला, मी एकटी नव्हते. मग लाज वाटली. त्यांनी माझी लाज राखली आणि त्यासाठी तुझं कॉलेज दिलं. माझ्या खोट्याची भरपाई त्यांनी तुझ्याकडून करून घेतली आणि मला कधी कळूही दिलं नाही. त्यानंतर त्यांनी बोर्ड पुन्हा मांडला नाही. मला वाटायचं, डोळे दुखतात म्हणून.

पुस्तक उघडलं. डाव्या बाजूला, वरून तिसरा. तिन्ही ठिपके आहेत. माझा घाईतला, नानांचा रेखीव, आणि तुझा इतका दाबून दिलेला की मागच्या पानावर उठलाय. तुझी तारीख देवनागरीत आहे.

आता एक गोष्ट जी तुला माहीत नाही. माझ्या पर्समध्ये एक नवं खोडरबर आहे. तेराव्यानंतर सुरतेत घेतलं होतं. डिक्शनरी हातात आली की आधी ठिपका खोडायचा, मग तुझ्याशी गोड बोलायला लागायचं, असं माझं ठरलं होतं. पहिल्या पत्रात 'आठवण म्हणून' लिहिलं होतं ते वाचून तुला हसू आलं असेल. खोडरबर टेबलावर ठेवून जाते. काजलला कामाला येईल.

नानांची गुणांची वहीही खणात सापडली. १८ जूनच्या पानावर तुझ्या नावाखाली शून्य आहे. उजेडात धरलं तर त्याखालचं खोडलेलं शहात्तर अजून उमटून दिसतं. मी शून्यावर काट मारली आणि बाजूला शाईने शहात्तर लिहिलं. ठिपका दिला, आजची तारीख घातली. ह्याने काही होत नाही हे मला कळतं. तुझा मार्ग त्या वर्षी बदलला तो काही वहीत बदलता येणार नाही. तरी लिहिलं.

सव्वाबाराची शहाद्याची एसटी आहे. शहाद्याहून पुढे रिक्षा मिळेल. पुस्तक आणि वही पिशवीत घेतलीय. तू बोलावलेलं नाहीस, आणि तुझ्या माहेरी, तुझ्या पहिल्या आखाजीला नणंदेने टपकावं हे वाईटच. मी राहणार नाही, जेवणारही नाही. तुझ्या वडिलांसमोर, लोटनबाबांसमोर उभी राहीन. त्यांना सांगेन की तुमचा शब्द खरा होता, तो डिक्शनरीत होता, मी तो डोळ्यांनी पाहिला आणि नाही म्हटलं, आणि पुढे तुमच्या लेकीला त्या नावाने हाका मारल्या त्या लाडाने नव्हत्या. त्यांना वाचता येत नाही, पण पाटीवरची ती सात अक्षरं ते ओळखतात. पुस्तक उघडून बोट ठेवीन.

काजलही तिथे असेल. ती "आत्या" म्हणत धावत येईल आणि पिशवी घेईल. त्यानंतर ती कधी तशी धावत येईल की नाही ते मला माहीत नाही. गेले दोन दिवस मला फक्त तेवढीच भीती आहे. तुझी नाही, लोटनबाबांची नाही. त्या पोरीच्या डोळ्यात मी जी मॅडम आहे, ती आज दुपारी जाणार.

मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. कारण मी स्वतःला ओळखते. आतल्या खोलीतून पुढच्या खोलीत यायला सात पावलं होती आणि तेवढ्यात मी खोटं तयार केलं होतं. शहाद्याला जायला तर तास लागतो. त्या तासात मला काय काय सुचेल ह्याचा भरवसा नाही. म्हणून पत्र इथे, टेबलावर ठेवते आणि किल्ली धनुबाईंना देते. तुम्ही घरी याल तेव्हा मी सुरतेच्या गाडीत असेन. मी तिथे येऊन सगळं बोलले असेन, तर हे फाडून टाक. पण मी आले, पाणी प्याले, उन्हाबद्दल बोलले, काजलचा गाल ओढला आणि सांजोरी खाऊन परतले असेन, तर तिला समोर बसव, आणि हे पत्र तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घे.

यामिनी